शार्प लेन्स निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेन्सबद्दल पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: ‘सगळ्यात शार्प कोणती?’ त्यावर मी उलट विचारतो: शार्प कुठे हवी? मधोमध की कोपऱ्यांत, कितव्या ॲपर्चरला (म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक किती उघडं ठेवून), किती अंतरावरच्या वस्तूसाठी? हे ठरलं नाही तर दुकानदार ठरवतो, आणि त्याच्याकडे त्या दिवशी जी लेन्स पडून असेल तीच सगळ्यात शार्प ठरते.

माझे फोटो शार्प येत नाहीत. नवी लेन्स घेऊ का?

आधी आहे ती तपासा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा आणि दिवसाच्या उजेडात कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. ट्रायपॉड नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळतही चालेल. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर एफ/८ (हा आकडा जितका मोठा, भोक तितकं लहान), लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोकस, दोन सेकंदांचा टायमर. दीडदोन मीटरवरून काढलेल्या फोटोत बातमीतली अक्षरं स्वच्छ वाचता आली, तर लेन्स तिचं काम नीट करते आहे.

मग फसलेले फोटो पुन्हा उघडून बघा. हललेल्या फोटोत सगळं एकाच दिशेला फरफटलेलं दिसतं. दूरच्या दिव्याचा ठिपका न राहता रेघ होते. फोकस चुकला असेल तर नवरीचे डोळे धूसर आणि मागचं झेंडूचं तोरण मात्र लख्ख. आयएसओ फार चढवला असेल तर कॅमेऱ्याने दाणे पुसता पुसता कातडीही पुसलेली असते, माणसं मेणाची वाटतात. खरोखर लेन्सचाच दोष असेल, तर तो कितीही काळजी घेतली तरी दर वेळी फ्रेममध्ये त्याच जागी आणि त्याच ॲपर्चरला भेटतो.

हातात धरून काढायचं तर जुना नियम अजून कामाचा आहे: शटर निदान ‘एक भागिले फोकल लेन्ग्थ’ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) इतकं वेगवान हवं. एपीएस-सी सेन्सरवर (फुल फ्रेम म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा हा लहान) फोकल लेन्ग्थला १.५ ने गुणा, कॅननच्या बाबतीत १.६ ने. म्हणजे २०० मिमी लेन्सला १/३०० सेकंद. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं. समोर धावणारं पोर सावरत नाही. हा फरक लक्षात न आल्यामुळे कितीतरी चांगल्या लेन्सवर विनाकारण ठपका बसतो.

संगणकावर १०० टक्के मोठा करून बघितला की फोटो मऊ दिसतो. हे चालतं का?

२४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० पिक्सेल रुंद असतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर तो १०० टक्के उघडला तर एका वेळी त्याचा जेमतेम बारावा हिस्सा दिसतो. पूर्ण फोटो त्याच आकारात छापला तर तो साडेपाच फूट रुंद होईल, आणि तुम्ही तो हातभर अंतरावरून बघत आहात! एवढ्या जवळून तर भिंतीवरचं चित्रही कुणी बघत नाही. इन्स्टाग्रामसाठी १०८० पिक्सेलवर आणलेल्या फोटोत किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येणारी) आणि लाखभराची लेन्स यांच्यातला शार्पनेसचा फरक मलाही ओळखता येत नाही. ओळखता येतो असं सांगणाऱ्याला, लेन्सचं नाव न सांगता दोन फोटो दाखवा.

तुम्ही मोठे प्रिंट काढत असाल, पक्षी बारीक असल्याने फ्रेम खूप कापावी लागत असेल, किंवा मूर्तीवरचं कोरीवकाम अभ्यासासाठी टिपत असाल, तर मात्र १०० टक्के बघायलाच हवं.

किट लेन्स फेकून द्यावी का?

नाही. १८-५५ मिमी लेन्स एफ/८ वर, झूमच्या मधल्या भागात, लोक समजतात त्यापेक्षा बरीच चांगली असते. तिची खरी अडचण उजेडाची आहे. ५५ मिमीला ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटमध्ये मग शटर रेंगाळतं, आयएसओ चढतो, आणि नाव लेन्सचं खराब होतं.

सगळे ५० मिमी एफ/१.८ घ्या म्हणतात. घ्यावी का?

बहुतेक वेळा हो. पैशाच्या मानाने इतका शार्पनेस देणारी दुसरी नवी लेन्स सापडणं कठीण. पण घेण्याआधी तीन गोष्टी ऐका.

पहिली. एफ/१.८ वर ती तिच्या सर्वोत्तम रूपात नसते. एफ/२.८ वर तीच लेन्स वेगळी वाटते आणि एफ/४ वर जवळजवळ तक्रारीला जागा नसते. पूर्ण उघड्या लेन्समध्ये काचेच्या कडेकडून आलेले किरण आणि मधून आलेले किरण नेमके एका जागी जुळत नाहीत, म्हणून चित्रावर पातळ धुकट पडदा आल्यासारखं दिसतं. ॲपर्चर थोडं मिटलं की कडेचे किरण अडतात आणि पडदा उठतो.

दुसरी. एपीएस-सी कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून एफ/१.८ ला फोटो काढला, तर फोकसची खोली तीन सेंटिमीटरही भरत नाही. पापणीवर फोकस, तर कान गेला. माणूस श्वास घेताना पुढेमागे हलला तरी चुकतं. लोक म्हणतात ‘लेन्स सॉफ्ट आहे’, आणि फोटोत बघावं तर कानातला डूल टोकदार दिसत असतो.

तिसरी फक्त निकॉनवाल्यांसाठी. जुनी ‘एएफ ५० मिमी एफ/१.८डी’ सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळते, पण तिच्यात फोकसची मोटर नाही. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीतही ती नाही, म्हणजे फोकस हाताने फिरवायचा. या कॅमेऱ्यांसाठी ‘एएफ-एस’ असं लिहिलेली १.८जी घ्या.

बाकी, घर लहान असेल आणि कॅमेरा एपीएस-सी, तर ५० मिमीने घरच्यांचे फोटो काढताना पाठ भिंतीला लागते. तिथे ३५ मिमी सोयीची.

कोणतीही लेन्स कितव्या ॲपर्चरला सगळ्यात शार्प असते?

ढोबळ उत्तर: पूर्ण उघड्यापासून दोन-तीन स्टॉप मिटवलं की (एक स्टॉप मिटवला की उजेड निम्मा होतो). म्हणजे बहुतेक लेन्सच्या बाबतीत एफ/५.६ ते एफ/८.

त्यापुढे मिटवत गेलं तर शार्पनेस वाढण्याऐवजी घटतो, आणि नेमकं हेच नव्या माणसाला पटत नाही. प्रकाश लहान भोकातून जाताना पसरतो. त्यामुळे अगदी निर्दोष लेन्ससुद्धा एका बिंदूचा बिंदू न काढता एक बारीकशी चकती काढते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं, म्हणून ती एअरी चकती. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ/८ वर साधारण ११ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एफ/१६ वर २१ आणि एफ/२२ वर ३० मायक्रॉनच्या आसपास असतो. आता २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. एफ/२२ वर एका बिंदूचा प्रकाश सात पिक्सेल रुंदीवर पसरतो. इथे कंपनी, किंमत, काचेचा दर्जा यांतलं काहीच मदतीला येत नाही. स्वस्त आणि महाग लेन्स एफ/२२ वर सख्ख्या बहिणी होतात.

म्हणून ‘सगळं फोकसमध्ये हवं’ या हट्टाने एफ/२२ लावू नका. धबधब्याचं पाणी रेशमासारखं करायला शटर लांबवायचं असेल, तर त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच आहे.

कंपन्या एमटीएफचा, म्हणजे लेन्स तपशील किती पोचवते ते दाखवणारा आलेख देतात. तो कसा वाचायचा?

आडवी रेघ म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर. फुल फ्रेममध्ये ते साधारण २१.६ मिमी असतं. उभी रेघ शून्य ते एक. एक म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघांमधला फरक लेन्सने जसाच्या तसा पोचवला. आलेखात सहसा वक्ररेषांच्या दोन जोड्या असतात, प्रत्येकीत एक सलग आणि एक तुटक: एक मिलिमीटरला १० रेघांची, दुसरी ३० रेघांची. पहिली सांगते चित्र किती ठसठशीत दिसेल, दुसरी सांगते बारीक तपशील किती टिकेल. डावीकडे उंच असलेली वक्ररेषा उजवीकडे धाडकन खाली आली, तर कोपरे मऊ. सलग आणि तुटक रेघा एकमेकींपासून फार दूर गेल्या, तर कडेच्या बारीक गोष्टी, उदाहरणार्थ झाडाची पानं, एका दिशेने ओढल्यासारख्या दिसण्याची शक्यता.

एक पथ्य पाळा: दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करू नका. कॅनन आणि निकॉनचे आलेख रचनेच्या गणितातून काढलेले असतात, झाइस प्रत्यक्ष लेन्स मोजून देते. एकाने पत्रिकेतले गुण सांगायचे आणि दुसऱ्याने परीक्षेतले, असा तो प्रकार होतो.

जितक्या जास्त काचा, तितकी लेन्स शार्प का?

नाही. १९०२ मध्ये झाइससाठी पॉल रुडॉल्फ यांनी रचलेल्या टेसर लेन्समध्ये फक्त चार काचा होत्या, आणि तिची जाहिरात ‘कॅमेऱ्याचा गरुडाचा डोळा’ अशी व्हायची. जास्त काचा लागतात त्या मोठं ॲपर्चर, लांब झूम आणि कोपऱ्यांची दुरुस्ती एकाच नळीत बसवायला.

झूम घेऊ की प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेन्ग्थची)?

उघड्या ॲपर्चरला प्राइम पुढे, एफ/८ वर चांगली झूम आणि प्राइम यांत फारसं अंतर उरत नाही. झूममध्ये एक टोक हटकून कच्चं असतं आणि बहुतेकदा ते लांबचं असतं. १८-३०० सारखी ‘सगळं एकात’ लेन्स प्रवासाला छान आहे. तिच्याकडून शार्पनेसची अपेक्षा ठेवायची नाही, एवढंच. लग्नाचं काम करणाऱ्याने प्राइमच्या प्रेमात पडून अक्षता पडताना लेन्स बदलत बसू नये.

गडकिल्ल्यांच्या लँडस्केपसाठी काय बघायचं?

कोपरे. पोर्ट्रेटमध्ये कोपऱ्यात पडदा असतो, लँडस्केपमध्ये कारवीची झुडपं असतात. म्हणून वाइड लेन्सचं परीक्षण वाचताना मधोमधच्या आकड्यांकडे बघू नका, ते सगळ्यांचे चांगलेच येतात. एफ/८ वरचे कोपरे बघा. अलीकडच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये आणखी एक गोष्ट आहे. आकार लहान ठेवण्यासाठी काही वाइड लेन्समधलं पिंपासारखं फुगलेपण काचेने दुरुस्त न करता सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ हे ठळक उदाहरण. सॉफ्टवेअर कोपरे ताणून सरळ करतं आणि ताणलेल्या जागी तपशील पातळ होतो. लेन्स वाईट ठरत नाही, फक्त तिचा उपयोग कुठे करायचा ते कळतं.

जवळचा दगड आणि दूरचा कडा दोन्ही हवे असतील, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिमी, एफ/८ ला साधारण दोन मीटरवर फोकस ठेवा; एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. कोकणकड्यावर वारा सुटला की ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, खाली पाठीची सॅक टांगा. पण ती जमिनीला टेकलेली राहू द्या, नाहीतर तिचाच झोपाळा होतो. आणि एप्रिल-मे महिन्यात समोरचे डोंगर धुरकट आले तर लेन्सला दोष देऊ नका. पाऊस ओसरल्यावर पुन्हा जा.

मी वीरगळ, शिलालेख आणि जुन्या पोथ्यांचे फोटो काढतो. त्यासाठी कोणती लेन्स?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे शार्पनेस म्हणजे मिरवायची गोष्ट नसून वाचनाची गरज आहे. एक वेलांटी गेली तर नाव बदलतं.

सपाट वस्तूसाठी सपाट फोकस देणारी लेन्स लागते. बऱ्याच लेन्सचा फोकस सरळ भिंतीसारखा नसतो, तो थाळीसारखा किंचित वाकलेला असतो. माणसाच्या फोटोत ते कळतही नाही. पोथीच्या पानात मात्र मधल्या ओळी स्वच्छ आणि समासाजवळच्या धूसर होतात. मॅक्रो लेन्स मुळातच जवळच्या, सपाट वस्तूंसाठी रचलेली असते. टॅमरॉनची ९० मिमी, टोकिनाची १०० मिमी, निकॉनची ६० मिमी यांपैकी सेकंडहँड मिळाली तरी काम होतं. पोथीसाठी ६० मिमी बरी, कारण १०० मिमीने टेबलावरचं पान टिपायला कॅमेरा फार उंच न्यावा लागतो. साधी ५० मिमी एफ/८ वर वापरली तरी चांगला निकाल मिळतो. कॅमेरा पानाला अगदी समांतर आहे ना, ते पाहायला पानावर छोटा आरसा ठेवा: व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचंच प्रतिबिंब दिसलं की कॅमेरा समांतर.

शिलालेखाच्या बाबतीत लेन्सपेक्षा उजेडाची दिशा मोठी. झिजलेली अक्षरं समोरून फ्लॅश मारला की नाहीशी होतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन दगडाला घासून जात असेल तेव्हा जा, नाहीतर एकाने कापड धरून सावली करावी आणि दुसऱ्याने बाजूने टॉर्च जवळजवळ दगडाला टेकवून धरावा. प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि काल न दिसलेलं अक्षर वर येतं. वरून, खालून, डावी-उजवीकडून असे चार फोटो घ्या. आडवी रेघ एका उजेडात दिसते, उभी दुसऱ्या. अक्षरात खडू किंवा पीठ मात्र कधीही भरू नका.

पक्षी आणि वाघ यांच्यासाठी ६०० मिमी घेतली, तरी फोटो शार्प नाहीत. का?

सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० मिमी लांबच्या टोकाला एफ/६.३ वर थोडी मऊ असते. उजेड असेल तर एफ/८ लावा. निकॉनची २००-५०० मिमी पूर्ण झूममध्ये एफ/५.६ ठेवते, त्यामुळे सकाळच्या मंद उजेडात बरी पडते.

पण खरा चोर बहुतेक वेळा हवा असते. ताडोबात मे महिन्यात नऊनंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर येते. दीडशे मीटरवरच्या वाघाचे पट्टे त्या थरथरीत वितळतात, आणि जगातली सगळ्यात महाग लेन्स ती थरथर तितक्याच इमानदारीने टिपते. भिगवणला पाण्यावरून दूरचे फ्लेमिंगो टिपतानाही ऊन चढल्यावर हेच होतं. उपाय एकच: लवकर जा आणि जवळ जाता आलं तरच शटर दाबा.

जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगा. त्याची थरथर लेन्सपर्यंत येते. दांडीवर बीन बॅग ठेवा. रिकामी पिशवी घरून न्यायची आणि तिथल्या किराणा दुकानातून तांदूळ घेऊन भरायची. नावेतून काढताना शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये लावून फोकल लेन्ग्थ वाढवणाऱ्या जोडाचा मोह आवरा. १.४ एक्सने एक स्टॉप जातो, २ एक्सने दोन. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते आणि पुष्कळ डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ/८ च्या पुढे चाचपडू लागतो.

एकाच मॉडेलच्या दोन लेन्स वेगळ्या निघतात, हे खरं का? आपली कशी निघाली हे कसं तपासायचं?

खरं आहे. नळीत एखादी काच केसभर सरकलेली किंवा कललेली बसली, की फ्रेमची एक बाजू कायम मऊ राहते. नवीन लेन्स घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत एक सकाळ यासाठी काढा.

गच्चीवर जा. दूरचा मोबाइलचा टॉवर किंवा पाण्याची टाकी निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी. टॉवर मधोमध घेऊन फोकस करा आणि फोकस मॅन्युअलवर टाकून तिथेच गोठवा. आता कॅमेरा फिरवून तोच टॉवर एकेका कोपऱ्यात आणा आणि चार फोटो घ्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन चांगले आणि एक गचाळ, तर तुमच्या हातात आलेली लेन्स सदोष. एफ/८ वर पुन्हा करून बघा. तिथेही एक कोपरा मागे राहिला तर सरळ परत करा. माझी एक वाइड लेन्स अशीच उजवीकडून लंगडी होती. मी मुदत संपेपर्यंत स्वतःच्या हाताला दोष देत बसलो, आणि पुढची दोन वर्षं उजवीकडे आकाश ठेवून फ्रेम लावत आलो.

सेकंडहँड लेन्स घेताना काय पाहू?

मुंबईत फोर्टात बोरा बझारला जा किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्या, सोबत स्वतःची बॉडी आणि मोबाइलचा टॉर्च न्या. ॲपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत ठेवा आणि किमतीची घासाघीसही करू नका. दुधाळ थर दिसला तरी तेच. चार धुळीचे कण असतील तर ते फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा मात्र त्रास देतो. झूमची रिंग मध्येच अडकते का बघा, कारण पडलेली लेन्स तिथेच बोलते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवायची? आमच्याकडे कोकणात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

कॅमेऱ्याच्या बॅगेत तर नाहीच. तिचा फोम ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. फार कोरडंही नको, वंगण सुकतं. सिलिकाचे मणी रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. त्यासाठी तवा वेगळा ठेवा, त्यावर पुन्हा भाकरी नको. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरण्याचा सल्ला ऐकू नका, पिठूळ धूळ रिंगमध्ये शिरते.

एसी खोलीतून दमट हवेत बाहेर पडलात तर काचेवर लगेच दव धरतं. पुसत बसू नका. निघायच्या अर्धा तास आधी लेन्स पिशवीत बंद करून खोलीबाहेर ठेवा. आणि डब्यात कितीही नीट ठेवली तरी आठवड्यातून एकदा तिला बाहेर काढून चार फोटो काढा.